नूरीचा डावा कान

मोताळा तालुक्यात गेल्या दहा-बारा वर्षांत जे कोणी नवरदेव झाले, त्यातल्या निम्म्याअधिकांना शालिग्रामनं घाम पुसताना पाहिलेलं आहे. एरवी एका मोटरसायकलवर तिघं बसून एसटीला कट मारणारी ही पोरं, पण घोडीच्या पाठीवर बसवली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. डोक्याला फेटा, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू, आणि चेहरा असा, की मारुतीच्या दर्शनाला नाही तर ऑपरेशनला निघालाय. शालिग्राम मग खालून त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचा.

"भेऊ नोको बे. तू फक्त मारुतीचं नाव घे. बाकीचं नूरी पाहून घेईन."

आणि नूरी पाहून घ्यायची. पांढरी, उंच, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. नाव आधीच्या मालकानं ठेवलेलं, ते शालिग्रामनं बदललं नाही. हलगी वाजली की ती आधी कान टवकारायची, मग पुढचा एक पाय उचलून जागच्या जागी ठेका धरायची. बाजेवर चारही पाय ठेवून नाचणारी घोडी जिल्ह्यात दुसरी नव्हती, असं शालिग्राम सांगायचा. जिल्ह्यात दुसरी होती की नव्हती हे कोणी मोजायला गेलं नाही, पण बाजेचं काही मोडत नव्हतं आणि वरचा नवरदेवही पडत नव्हता, एवढं खरं.

शालिग्रामचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वरातीत गेलं. लहानपणी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचा, मोठा झाल्यावर किसनरावाच्या बँडमध्ये खुळखुळा वाजवायचा, पुढे घोडीवाला झाला. स्वतःच्या लग्नात मात्र तो चालतच मांडवात गेला, कारण त्या वर्षी गावातली एकुलती घोडी दुसऱ्या लग्नाला बोललेली होती. चांगुणा, त्याची बायको, हे अजून चिडवत सांगते. मूलबाळ नाही. बायाबापड्या विचारायच्या तेव्हा चांगुणा सरळ गोठ्याकडे बोट दाखवायची, की ही काय उभी आहे.

मग डीजे आला. ढोल-सनईला सरावलेली जनावरं त्या ट्रकभर पेट्यांपुढे बिथरायला लागली. छाती दणदणते, काचा वाजतात, म्हातारी माणसं घरात जाऊन कडी लावतात, तिथं मुक्या जनावरानं काय करावं? पण डीजेशिवाय लग्न म्हणजे मयतच जणू, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घोडीवाल्यांनी त्यावर आपला उपाय काढला. घोडीच्या कानात कापूस. सगळे कोरडा कापूस घालायचे आणि घोडीनं दोनदा मान झाडली की तो रस्त्यावर पडायचा. शालिग्रामनं त्यात आपलं डोकं चालवलं. तो तिळाच्या तेलात लसूण आणि कापूर कढवायचा, त्यात कापूस भिजवायचा, अंगठ्याएवढी वळकटी करायचा आणि बोटानं आत, चांगली बसेपर्यंत सारायचा. तेलकट बोळा चिकटून राहायचा. नूरी डीजेच्या बाजूला उभी राहून डुलक्या घ्यायची. हा शोध लावल्याचा त्याला केवढा अभिमान! मलकापूर-नांदुऱ्याचे घोडीवाले त्याच्याकडून शिकून गेले. बोळ्याला एक दोरा बांधून ठेवावा, एवढं मात्र त्यालाही सुचलं नाही आणि त्यांनाही नाही.

त्या उन्हाळ्यातल्या शेवटच्या लग्नाहून परत आल्यावर त्यानं उजव्या कानातला बोळा काढला. डाव्या कानात बोट घातलं, तर हाताला काही लागलं नाही. पडला असेल वाटेत, तो म्हणाला, आणि नूरीपुढे कडबा टाकून जेवायला गेला.

पावसाळ्यात नूरी मान झाडायला लागली. गोठ्याच्या खांबाला डावा कान घासायची. कानाशी हात नेला की मागं सरायची.

"अवो, तिच्या कानाचा वास येऊन राह्यला," चांगुणा म्हणाली. "डॉक्टरीणबाईले दाखवा ना एकडाव."

"कानाले काय दाखवाचं वं? माशी गेली असंन. तेल टाकलं का बरं वाटंन तिले."

तेच लसणाचं तेल. कोमट करून तो रोज सकाळी तिच्या कानात सोडायचा, वर काडीला फडकं गुंडाळून आतून पुसून काढायचा. पुसतोय असं त्याला वाटत होतं. खरं तर रोज सकाळी तो त्या जुन्या बोळ्याला आणखी आत ढकलत होता. प्रेमानं, नेमानं, एकही दिवस न चुकवता.

पोळा झाला आणि त्यानंतर एका सकाळी नूरी उठलीच नाही. डाव्या कुशीवर पडलेली, मान वाकडी होऊन डोकं जमिनीकडे पिळलेलं. शालिग्रामनं हाक मारल्यावर तिनं उठायचा यत्न केला, पुढचे पाय रोवले, मागचे उचलले आणि सगळी घोडी डावीकडे, भिंतीवर जाऊन आदळली. पुन्हा उठली, पुन्हा डावीकडेच. अंग घामानं निथळत होतं. पण शालिग्राम मागं सरला तो तिचे डोळे पाहून. बुबुळं सावकाश डावीकडे सरकायची आणि झटक्यात उजवीकडे यायची. थांबतच नव्हती. डाव्या बाजूची पापणी, ओठ, कान, सगळं ओघळून खाली आलेलं.

साप चावला, असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. मग नजर लागली असंही आलं. चांगुणानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि टाकता टाकताच म्हणाली, "हे झालं. आता तरी त्या बाईले बलावता का मी जाऊ?"

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण प्रतीक्षा वयानं त्यांना लेक असती तर तेवढी. आली, नूरीच्या डोळ्यांकडे थोडा वेळ नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, हा कान कधीपासून दुखतोय?" शालिग्रामला वाटलं, घोडी उभी राहत नाही आणि ही कान काय विचारते! पण तिनं गुंगीचं इंजेक्शन दिलं, कानात उजेड टाकला, लांब चिमटा आत घातला. पुष्कळ आत. आधी पू आला, मग तो बोळा आला. काळा, कुजलेला. दुर्गंधीच्या आत अजून लसणाचा वास होता.

"हे कोणी घातलं?"

चांगुणानं शालिग्रामकडे पाहिलं.

"म्या," तो म्हणाला.

डॉक्टरीण त्याला रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं समजावून सांगितलं, की कानाचा पडदा फाटलाय आणि पू त्याच्याही आत, हाडापर्यंत गेलाय. त्या हाडात पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात. डोकं हललं की ते पाणी हलतं आणि त्यावरून मेंदूला कळतं, की वर कुठे, खाली कुठे, आपण सरळ आहोत की कललोय.

"गवंड्याच्या लेव्हलमंदी बुडबुडा असते, तसं?"

"तसंच समजा. दोन्ही कानांत एक-एक. दोघांचं म्हणणं जुळलं की जनावर सरळ उभं राहतं. हिच्या डाव्या कानाचं बोलणंच बंद झालंय. तोंडाच्या त्या बाजूची शीरही तिथूनच जाते, म्हणून ओठ लोंबलाय. हिला वाटतंय आपण सारखे गरगर फिरतोय, पडतोय."

"पण आता तं ती खालीच हाये ना, बाई. जमिनीवर."

"जमिनीवर असली तरी, काका. तिला पडल्यासारखंच वाटत असेल."

शालिग्राम उठून गोठ्याबाहेर गेला आणि हौदाशी जाऊन लहान पोरासारखा रडला.

पुढचे दिवस त्यानं काय केलं नाही! नूरीच्या डाव्या बाजूला कुटारानं, भुशानं भरलेल्या पोत्यांची भिंत रचली, म्हणजे पडली तरी लागू नये. तिच्या तोंडाची डावी बाजू मेलेली, चावलेला चारा गालातच साठून राहायचा. तो बोट घालून तेवढा काढायचा, परत भिजवून भरवायचा. डोळा मिटत नव्हता म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचा. दवाखान्याची औषधं वेळच्या वेळी. गोठ्यात झोपायचा तर चांगुणा म्हणायची, मीच पडली असती तर एवढं केलं असतं का? तो म्हणायचा, तुले दुखलं तं तू बोलू शकतं वं, ती बोलू नाही शकत.

हळूहळू डोळ्यांचं ते सरकणं थांबलं. मग नूरी पोत्यांना टेकून उभी राहिली, चारही पाय लांब फाकून, डोकं डावीकडे कलतं. चालायला लागली तेव्हा डावीकडेच गोल गोल. दसऱ्यापर्यंत सरळ चार पावलं टाकू लागली. दिवाळीत ती अंगणात हिंडत होती. डोकं तेवढं कललेलं राहिलं, एखादी गोष्ट नीट ऐकू न आल्यासारखं. शेजारीपाजारी येऊन शालिग्रामची पाठ थोपटून गेले.

प्रतीक्षा आली, तिनं नूरीला पोत्यांच्या भिंतीशी उभं केलं, गळ्यातली ओढणी काढली आणि क्षणभर तिच्या दोन्ही डोळ्यांवर धरली. नूरीचे गुडघे लटपटले आणि ती धपकन पोत्यांवर कलंडली. ओढणी काढल्यावर सावरली.

"पाहिलंत? कान बरा झालेला नाही. तो आता होणारही नाही. हिनं डोळ्यांवर काम चालवलंय. समोर जमीन दिसते, झाड दिसतं, त्याच्या हिशोबानं उभी राहते. अंधारात ठेवू नका, डोळ्यांवर झापडं लावू नका. आणि हिच्या पाठीवर माणूस बसवायचा विचार सोडून द्या."

"हाव," शालिग्राम म्हणाला. झापडं नाहीत, अंधार नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. तिसरी गोष्टही त्यानं ऐकली होती, पण ती त्यानं आत घेतली नाही.

कारण तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, दूर कुठं हलगी वाजली आणि नूरीनं पुढचा पाय उचलला. ठेका धरला. कललेल्या डोक्यानं, पण बरोबर ठेक्यावर. शालिग्रामला वाटलं, आपण जे मोडलं होतं ते जुळलं. माणसाला एवढी मोठी माफी फुकटात मिळत असेल तर तो ती नको कशी म्हणेल?

त्यानं चोरून करून पाहिलं. आधी पाठीवर युरियाचं पोतं ठेवून अंगणात फिरवली. मग एका दुपारी, लख्ख उन्हात, जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. स्वतः वर बसला. नूरी हलली नाही, मग चालायला लागली. चांगुणा दारात आली ती ओरडायलाच, पण पांढऱ्या मिशांचा, धोतर गुडघ्यापर्यंत वर गेलेला आपला नवरा घोडीवर पाहून तिला हसूच फुटलं. "आता काहून बसले? तवा बसाले पायजे होतं!" त्या घरात पोळ्यानंतर पहिल्यांदा कोणी हसलं होतं.

म्हणून किसनराव बोलवायला आला तेव्हा शालिग्रामचं उत्तर आधीच तयार होतं. जवळच्याच एका गावात लग्न होतं, हरिओम नावाचा मुलगा. त्याच्या मोठ्या भावाला तीन वर्षांपूर्वी नूरीनंच मारुतीला नेलं होतं. घरच्यांचा हट्ट, की घोडी तीच पाहिजे.

"शालिग्राम, जमंल ना बे तिले?" किसनरावानं विचारलं. "नसंल जमत तं सांग. दुसरी पाहू."

"दुसरी कायले? जाऊन येऊ आरामात."

"डॉक्टरीणबाईनं नाही म्हटलं होतं," चांगुणा आतून म्हणाली.

"बाई पुस्तकातलं सांगते. मी नूरीले वळखतो."

मोठा शहाणा! पण खरं सांगायचं तर त्यानं काळजी घेतली होती. मिरवणूक दिवसाउजेडी निघेल, डीजे पुढे लांब राहील, असं त्यानं कबूल करून घेतलं. झापडं घरी ठेवली. कपाळावरून लोंबणारी मोत्यांची झालरही काढून टाकली. कानाला तर त्यानं बोटही लावलं नाही. नूरीच्या डोळ्यांसमोर काही म्हणजे काही येऊ नये, एवढीच त्याची चिंता होती. हरिओम चढला, तिनं पाय थोडे फाकले आणि उभी राहिली. शालिग्राम लगाम धरून तिच्या डाव्या खांद्याशी उभा होता. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं. "भेऊ नोको बे," तो हरिओमला म्हणाला.

त्या घराण्याची एक रीत होती. नवरदेवाला पाठीवर घेणारी घोडी म्हणजे घरची माहेरवाशीण. निघण्याआधी आत्यानं तिला कुंकू लावायचं, डाळ-गूळ भरवायचा आणि नवी साडी तिच्या डोक्यावरून पांघरायची. घोडीवाल्याला त्याच वेळी घरचा कर्ता टोपी घालतो, उपरणं देतो. शालिग्रामला ही रीत ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी नूरीच्या डोक्यावर पिवळी साडी पडली तेव्हा त्यानंच सगळ्या बाजारात सांगितलं होतं, की माझ्या घोडीला लोक साडी नेसवतात. झापडं आठवली, झालर आठवली, ही साडी तेवढी आठवली नाही. मान-पान, कौतुक, ह्यात धोका असतो हे कोणाच्या ध्यानीमनी असतं?

हरिओमची आत्या, रुक्मिणीबाई, ताट घेऊन आली. कुंकू लावलं, गूळ भरवला. त्याच वेळी मुलाचे काका टोपी घेऊन शालिग्रामपुढे आले. मोठ्या माणसानं टोपी घालायची तर मान खाली घालावी लागते. शालिग्रामनं मान खाली घातली.

साडीची घडी उलगडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. "नोको, बाई!" एवढं तो ओरडला, पण तोवर ती हिरवी साडी नूरीच्या डोळ्यांवरून खाली आली होती.

नूरी डावीकडे गेली. नुसती कोसळली, भिंत कोसळते तशी. शालिग्राम ढकलला जाऊन दूर पडला, हरिओम त्याच्या अंगावर, आणि नूरीचा पुढचा डावा पाय रस्त्याकडेच्या उघड्या नालीत गेला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. डोक्यावरच्या साडीत गुंडाळलेली ती उठायला बघत होती, आणि उठायला बघताना तोच मोडका पाय टेकत होती. शालिग्रामनं साडी ओढून काढली आणि तिच्या मानेवर आपलं सगळं अंग टाकलं, तिनं उठू नये म्हणून.

नवरदेवाचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. काकांनी शालिग्रामला चार शब्द सुनावले, ते त्याला ऐकूही आले नाहीत. एक-दोघांनी मोबाईल वर धरले होते. कोणीतरी म्हणालं मुहूर्त टळतोय, मग हरिओमला एका जीपमध्ये बसवलं आणि मिरवणूक पुढं गेली. डीजे वाजतच गेला. रुक्मिणीबाई तेवढी ताट घेऊन रडत उभी राहिली, तिला आपलं काय चुकलं हे कोणी सांगितलंच नव्हतं. किसनरावानं प्रतीक्षाला फोन लावला.

ती आली तेव्हा नूरी थकून पडली होती आणि डोळे पुन्हा सरकायला लागले होते, सावकाश डावीकडे, झटक्यात उजवीकडे. हाड कातडीबाहेर आलं होतं. प्रतीक्षानं पाय पाहिला आणि ती शालिग्रामशेजारी मातीत बसली.

"काका, घोड्याचा असा मोडलेला पाय जुळत नाही. तिला तीन पायांवर उभं राहता येणार नाही. तिला तर चारांवरही..." ती थांबली. "आता वेदना तेवढ्या थांबवता येतील."

शालिग्रामनं मान हलवली. नूरीचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, एक हात जबड्याखाली घातला, दुसरा कपाळावर, आणि छातीशी घट्ट दाबून धरलं. इतकं घट्ट, की प्रतीक्षाला मानेची शीर सापडायला वेळ लागला.

"थोडं सैल सोडा, काका."

"नाही बाई. सोडलं तं तिले पडल्यासारखं वाटंन."

सुई गेली. नूरीनं एक लांब श्वास सोडला. सरकणारे डोळे हळू झाले, आणखी हळू झाले, आणि थांबले. प्रतीक्षानं छातीला नळी लावून ऐकलं, मग नळी काढून पिशवीत ठेवली.

"सोडा आता. गेली ती."

शालिग्रामनं सोडलं नाही. पकड तशीच ठेवून त्यानं वर पाहिलं.

"आता नसंन ना वाटत तिले, बाई? पडल्यासारखं?"

"नाही, काका. आता नाही."

किसनरावानं गावातून ट्रॅक्टर आणला तेव्हाही तो तसाच बसला होता. दोघांनी मिळून त्याची बोटं सोडवली.